वॉकर, कारा

वॉकर, कारा : (२६ नोव्हेंबर १९६९– ). अमेरिकन कातरचित्रकार व शिल्पकार. काळ्या कागदाच्या मनुष्याकार छायाकृतींतून गुलामगिरी, वंशद्वेष व लैंगिक हिंसा यांचा इतिहास मांडणारी भित्तिदृश्ये आणि सार्वजनिक जागांतील अल्पकालीन महाशिल्पे यांसाठी प्रसिद्ध.

जन्म कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे. वडील लॅरी वॉकर चित्रकार व कलाध्यापक. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब जॉर्जिया राज्यात आले, तेव्हा कारा तेरा वर्षांच्या होत्या. शिक्षण अटलांटा कॉलेज ऑफ आर्ट (पदवी, १९९१) व ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन (पदव्युत्तर पदवी, १९९४) येथे.

कातरकाम : छायाचित्रणापूर्वी युरोप-अमेरिकेत काळ्या कागदातून चेहऱ्याची बाजू कापून स्वस्तात व्यक्तिचित्र करून देत. सुखवस्तू घरांतल्या स्त्रियांचाही हा छंद होता. वॉकर यांनी हेच सोज्वळ माध्यम गुलाम बाळगणाऱ्या मळेवाल्यांचे क्रौर्य दाखवण्यासाठी वापरले. काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने रेखाटन करून त्या आकृती धारदार पात्याने कापतात व मेणाने भिंतीवर चिकटवतात. मालक व गुलाम दोघेही सारखेच काळे. ओळख पटते ती ओठ, केस, पेहराव यांच्या कडांवरून. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनातले वंशाबद्दलचे ठोकळेबाज समज आपोआप उघड होतात. न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमधील सुमारे १५ मी. लांबीच्या ‘गॉन’ (१९९४) या भित्तिदृश्याने त्यांचे नाव झाले. ‘डार्कीटाउन रिबेलियन’मध्ये (२००१) प्रक्षेपकांच्या रंगीत प्रकाशामुळे प्रेक्षकांच्या सावल्याही दृश्यात मिसळतात.

१९९७ मध्ये मॅकआर्थर अधिछात्रवृत्ती मिळाली. त्याच वर्षी ज्येष्ठ कृष्णवर्णीय कलावती बेटी सार यांनी, वॉकर यांच्या प्रतिमा वंशद्वेषी साच्यांनाच बळ देतात, असा आक्षेप घेत पत्रमोहीम चालवली. याबाबत समीक्षकांत एकमत नाही.

छायाबाहुल्यांचे चित्रपट, रेखाटने व मुद्राचित्रेही वॉकर यांनी केली आहेत.

सार्वजनिक कलाकृती : ‘अ सटल्टी’ (२०१४) हे शिल्प ‘क्रिएटिव्ह टाइम’ या संस्थेने ब्रुकलिनमधील बंद पडलेल्या डॉमिनो साखर कारखान्यात उभारले. मध्ययुगीन मेजवान्यांत मांडल्या जाणाऱ्या साखरेच्या शोभाकृतींवरून त्याचे नाव घेतले आहे. पॉलिस्टायरीनच्या गाभ्यावर पांढऱ्या साखरेचा लेप देऊन घडवलेली ही स्फिंक्सरूपी कृष्णवर्णीय स्त्री सुमारे ३५ फूट उंच व ७५ फूट लांब होती. भोवती काकवीच्या रंगाचे टोपलीवाल्या मुलांचे पुतळे होते. त्यांतले साखरेचे काही पुतळे उन्हाळ्यात वितळून कोसळले. साखरेच्या गोडव्यामागची ऊसमळ्यांतील गुलामांची मजुरी हा विषय द्रव्यातूनच व्यक्त होत असल्याने ही कलाकृती विशेष महत्त्वाची मानावी लागते. प्रदर्शनानंतर ती मोडण्यात आली.

‘कातास्त्वॉफ कारावान’मध्ये (२०१८, न्यू ऑर्लिन्स) छायाकृती पोलादात कापल्या गेल्या. त्या बसवलेल्या गाड्यात वाफेवर वाजणारा शिट्ट्यांचा वाद्यसंच होता. तो जाझ पियानोवादक जेसन मोरन यांनी वाजवला. लंडनच्या टेट मॉडर्नमधील ‘फॉन्स अमेरिकानस’ (२०१९) हे सुमारे १३ मी. उंचीचे कारंजे बकिंगहॅम राजवाड्यासमोरील व्हिक्टोरिया स्मारकाचे विडंबन असून त्यात अटलांटिक गुलामव्यापाराचा विषय आहे.

२०२१ मध्ये शार्लट्सव्हिल शहराने हटवलेला, अमेरिकन यादवी युद्धातील दक्षिणी सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा (१९२१) कापून व त्याचे तुकडे नव्याने जोडून वॉकर यांनी ‘अनमॅन्ड ड्रोन’ हे शिल्प केले. ते २०२५ मध्ये लॉस अँजेलिस येथे ‘मॉन्युमेंट्स’ या प्रदर्शनात मांडले गेले.