पाटी शहरात, आग खेड्यात
मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ला तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू झालं. त्याआधी आमच्या भागाला पदवी हैदराबादच्या उस्मानियाची. निजामाच्या काळात तर शिकवणंही उर्दूतून. बाबासाहेबांनी मात्र इथं कॉलेज १९५०मध्येच काढलं होतं, पुढचं मिलिंद. विद्यापीठ त्यानंतरचं, हे ध्यानात ठेवा. पुढं शेतमजुरांची पोरं प्राध्यापक झाली, हा परिणाम आपण कौतुकानं सांगतो. दुसराही सांगितला पाहिजे. २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला, आणि ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी पाहिली नव्हती, अशा खेड्यांतल्या दलितांची घरं जाळली गेली. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. साडेपंधरा वर्षं! तेवढा काळ आम्ही वर्गात ‘न्याय’ ही संकल्पना शिकवत होतो.