कादंबरी लिहावी तर फादर स्टीफन्सवर

धर्मछळावरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत छळणारा आणि सोसणारा बहुधा आधीच ठरलेले असतात. आपण सोसणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो, डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. जपानी लेखक शुसाकु एन्डो यांची 1966 सालची ‘सायलेन्स’ मला यासाठीच मोठी वाटते. सतराव्या शतकातल्या जपानमध्ये कॅथलिकांना येशूची प्रतिमा पायाने तुडवायला लावत. कादंबरीतल्या पाद्र्याने ती तुडवली नाही, तर हाल दुसऱ्यांचे होणार असतात. प्रश्न लगेच अवघड होतो.

अशीच एक अवघड कादंबरी मराठीत व्हायला हवी. नायक तयार आहे : ‘क्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातले. जन्म 1549 चा. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणे धोक्याचे होते. त्यांचा जिवलग मित्र थॉमस पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स निसटले, 1575 साली रोमला जेझुइट संघात दाखल झाले आणि ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्याला उतरले. दोन वर्षांनी तिकडे लंडनमध्ये एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले.

इथवर गोष्ट सरळ आहे. पुढे ती वळण घेते. गोव्यात सत्ता कॅथलिकांची होती. तिथे 1560 पासून इन्क्विझिशन होते, साष्टीतली देवळे पाडली आणि जाळली जात होती. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेले रुदोल्फ आक्वाव्हिवा होते. त्यांचे मृतदेह परत आणण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करायची म्हणून असोळणे येथे बोलावले आणि मारले. पाच जेझुइटांना 1893 साली चर्चने धन्य घोषित केले. गावप्रमुखांच्या स्मारकाला मात्र आणखी शंभरावर वर्षे लागली.

कादंबरीकाराने इथे थांबायला हवे. छळाला भिऊन घर सोडलेला माणूस सहकाऱ्यांची प्रेते उचलतो, तेव्हा त्याला लंडनचा वधस्तंभ आठवला असेल का? आणि असोळण्याहून परत न आलेल्यांच्या घरात त्या रात्री काय झाले असेल? पहिला प्रश्न लिहून दुसरा टाळणारा लेखक मला चालणार नाही. दुसरा लिहून पहिला टाळणाराही नाही.

‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! आमच्या नगर जिल्ह्यातल्या, आता अहिल्यानगर म्हणायचे, नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरांनी ज्या छंदात भावार्थदीपिका सांगितली, तोच छंद एका इंग्रजाने उचलला. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्र्याला म्हणतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आता वाचायला दुसरे काही द्या. या मागणीतली पोकळी पाहा. पुराण हिरावले गेले म्हणून नवे पुराण जन्मले. स्टीफन्सनी ती खंत झाकली नाही, ग्रंथाच्या दारातच मांडली. यात त्यांचा मोठेपणा दिसतो.

पुढे 1684 साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला. ग्रंथ मात्र गोव्यातून स्थलांतर केलेल्या कुटुंबांबरोबर मंगळूरकडे गेला. 1784 साली टिपूने तिथल्या हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले, तेव्हा याच ओव्यांचा त्यांना आधार होता असे सांगतात. पारडे पुन्हा फिरले होते.

आमच्या जिल्ह्यात हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. कॅथलिकांबरोबर हिंदूही नवस फेडायला येतात. ही कादंबरी लिहिली गेली तर ती त्या गर्दीतल्या कुणालाही, शेजाऱ्याकडे पाहत, मोठ्याने वाचता आली पाहिजे. एवढी एकच अट मी लेखकाला घालीन.