लेखाशास्त्रातील असोसिएट पदवी

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत व छोट्या महाविद्यालयांत दिली जाणारी, सुमारे दोन वर्षांची व साधारणतः ६० श्रेयांकांची लेखाविषयक पदवी.

शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी चार वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षे वेगळी काढण्याचा पुरस्कार केला. त्यांच्याच प्रेरणेने १९०१ मध्ये इलिनॉय राज्यात जोलिएट ज्युनिअर कॉलेज सुरू झाले (पहा : कम्युनिटी कॉलेज).

अभ्यासक्रमाचा कणा द्विनोंदी पद्धती हा असतो : रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद (पहा : पुस्तपालन). बँक जुळवणीत, धनकोने वटवायचा राहिलेला धनादेश बँकेच्या शिलकेतून वजा होतो, तर बँकेने कापलेले शुल्क रोकडवहीत नोंदावे लागते. परिव्यय लेखांकन, प्राप्तिकर, पगारपत्रक व संगणकीय लेखाप्रणाली हे विषय त्यानंतर येतात. या पदवीचे दोन प्रकार आहेत : ‘उपयोजित’ प्रकार थेट नोकरीसाठी असतो, तर दुसरा पुढील शिक्षणासाठी. दुसऱ्यातील श्रेयांक चार वर्षांच्या पदवीकडे वळवता येतात, मात्र सर्वच ग्राह्य धरले जातात असे नाही.

ही पदवी घेऊन पुस्तपाल, देयक लिपिक, पगारपत्रक लिपिक अशी कामे मिळतात. ‘सीपीए’ (प्रमाणित सार्वजनिक लेखापाल) परवान्यास ती पुरेशी नसते. त्यासाठी किमान चार वर्षांची पदवी लागते (पहा : लेखापरीक्षण).