पोस्टांतून निघालेली कवायत

व्यायाम करणें न करणें ही ज्याची त्याची मर्जी, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. एक मुलगा पहांटे उठून जोर काढतो आणि शेजारचा उन्हें वर येईपर्यंत लोळत पडतो. यांत सरकारचा संबंध काय, असें कोणीही विचारील. परंतु राष्ट्रांचा इतिहास जरा निरखून पाहिला, तर मनुष्यानें कोणत्या वयांत किती अंग हालवावें हें पुष्कळ अंशीं सरकारी कचेऱ्यांतून ठरत आलेलें दिसतें. आणि सरकारची दृष्टि कोणत्या वयाच्या शरीरावर पडावी, हें त्या शरीरापासून सरकारास काय हवें असतें यावर अवलंबून राहतें. जपानांतील रेडिओ-कवायतीची हकीकत या बाबतींत फार बोलकी असल्यामुळें ती वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कवायतीचा उगम आखाड्यांत नाहीं, पलटणींतही नाहीं. तो पोस्टांत आहे. जपानी पोस्टखात्यानें १९१६ सालीं सामान्य लोकांसाठीं लहान रकमांचा आयुर्विमा सुरू केला. हप्ता थोडा आणि वैद्याची तपासणी नाहीं, त्यामुळें कष्टकरी माणसासही तो उतरवितां येई. पण तपासणीवांचून विमा उतरविणाऱ्यास एक घोर कायमचा लागतो: विमेदार अकालीं गेला, तर भुर्दंड आपल्या माथीं. प्रजेनें दीर्घायु व्हावें असें या खात्यास वाटूं लागलें, तें केवळ भूतदयेनें नव्हे! अमेरिकेंत मेट्रोपॉलिटन नांवाची विमा कंपनी १९२५ पासून न्यूयॉर्कहून रेडिओवर व्यायामाचे पाठ देत होती. जपानी अधिकाऱ्यांनीं ती कल्पना उचलली, आणि सम्राट हिरोहितो यांच्या राज्यारोहण-समारंभाचें निमित्त साधून १ नोव्हेंबर १९२८ रोजीं टोकियोहून पहिली कवायत ध्वनिक्षेपित झाली. पुढील वर्षीं ती देशभर ऐकूं येऊं लागली.

सगळा प्रकार तीन-सव्वातीन मिनिटांचा. साधन नको, निराळा पोशाख नको, उभें राहून हात पसरण्यापुरती जागा असली म्हणजे झालें. विमा जसा म्हाताऱ्यांचा तसाच तरुणांचा, म्हणून कवायतही आबालवृद्धांस झेपेल अशीच रचिलेली होती. १९३० सालीं टोकियोंतील एका पोलीस शिपायानें सुटींतील मुलांना सकाळीं एकत्र जमवून ती करून घेण्यास आरंभ केला. त्या भागाचें नांव कांदा. मराठी वाचकांनीं हंसूं नये, नांव खरोखरच तें आहे. ही चाल पुढें गांवोगांव पसरली. उन्हाळ्याच्या सुटींत गळ्यांत पत्रिका अडकवून मुलें पटांगणावर येतात, आणि हजेरीबद्दल तिच्यावर रोज एक शिक्का मिळवितात. येथें आम्हांस औंधच्या श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींची आठवण होते. त्यांनींही आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कार रूढ केले. पण तेथें राजा स्वतः नमस्कार घालीत असे; जपानांत राजाच्या जागीं एक खातें होतें, आणि खात्याचा धनी बदलला कीं त्याचा हेतूही बदलतो.

तसेंच झालें. १९३७ सालीं चीनशीं युद्ध पेटलें. १९३८ च्या जानेवारींत आरोग्याचें स्वतंत्र मंत्रिमंडळखातें निघालें, त्यामागें भरतीस येणाऱ्या तरुणांच्या दुर्बलतेनें चिंतावलेल्या लष्कराचा आग्रह होता. १९३९ सालीं शरीरबलाची एक परीक्षा सुरू झाली. ती १५ ते २५ वर्षांच्या पुरुषांसाठीं होती. धांवणें, लांब उडी मारणें, आडव्या दांडीस लोंबकळून अंग वर खेंचणें, ओझें वाहून नेणें, आणि हातबॉम्ब फेकणें हे तिचे विषय. शेवटचा विषय वाचला म्हणजे परीक्षकाच्या मनांत काय होतें तें निराळें सांगावयास नको. विमाखात्याच्या हिशेबांत साठीच्या आजोबांनाही मोल होतें. सेनापतीच्या हिशेबांत तें उरलें नाहीं. आणि रेडिओवरील ती निरुपद्रवी कवायत? तीही याच कामीं लागली. कोरियांत व तैवानांतही पियानोच्या सुरावर रांगा उभ्या राहूं लागल्या. व्यायामाच्या हालचाली निष्पाप असतात, त्या करवून घेणारा तसा असेलच असें नाहीं, ही गोष्ट व्यायामाचे आमच्यासारखे अभिमानी सहसा लक्षांत घेत नाहींत.

युद्ध हरल्यावर १९४६ सालीं नवी कवायत रचिली गेली, पण ती १९४७ सालींच बंद पडली. एका आवाजासरशीं सहस्रावधि माणसांनीं हात उचलावे, हें दृश्य विजेत्यांस रुचणारें नव्हतें. १९५१ सालीं मात्र ती नव्या संगीतासह परत आली, आणि या खेपेस वयांचा विचार अधिक बारकाईनें झाला. पहिली कवायत सर्वांसाठीं. १९५२ ची दुसरी अधिक जोरकस, कारखान्यांतील व कचेऱ्यांतील ऐन उमेदीच्या माणसांसाठीं. आणि १९९९ सालीं तिसरी निघाली ती वृद्धांस व अपंगांस खुर्चीवर बसूनही करतां यावी अशी.

मुलांच्या पायांना मात्र खरी चालना दिली ती वेगळ्याच एका नियमानें. शाळांच्या इमारतींस सरकारी मदत कशी द्यावी याविषयींच्या १९५८ च्या नियमांत, प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून साधारण चार किलोमीटरांच्या आंत असावी, असें म्हटलें आहे. नियम इमारतींचा, त्यांत व्यायामाचा हेतु कोठेंच नाहीं. तथापि सहा वर्षांचीं मुलें शेजारच्या मोठ्या मुलांबरोबर रोज पायीं शाळेस जातात, त्यांत या नियमाचा वांटा थोडा नाहीं. कित्येक पदकांनीं जें साधलें नाहीं तें या एका वाक्यानें साधलें, असें आमचें मत आहे.

शरीरबलाच्या परीक्षा जपानांत अद्यापि होतात. १९९८ पासूनच्या नव्या पद्धतींत ६ ते ७९ वर्षांच्या स्त्रीपुरुषांस त्यांत घेतलें जातें. पासष्टीच्या पुढील माणसांस एका पायावर किती वेळ उभें राहवतें, आणि सहा मिनिटांत किती चालवतें, हें मोजतात. हातबॉम्बाच्या जागीं एका पायाचा तोल आला! यांतही निव्वळ दया आहे असें कोणीं मानूं नये. देश म्हातारा होत चालला, आणि २००० सालीं अंथरुणास खिळलेल्या वृद्धांच्या शुश्रूषेसाठीं सक्तीचा विमा सुरू झाला. वृद्ध जितका काळ स्वतःच्या पायांवर चालेल तितका त्या विम्यावरचा भार कमी. फिरून हिशेब विम्यापाशींच आला. पोस्टाचा आयुर्विमा आतां एका कंपनीकडे गेला आहे, पण कवायतीचा प्रसार तीही करते.

सकाळीं साडेसहाला पियानोचे ते सूर आजही जपानी नभोवाणीवर वाजतात. उन्हाळी सुटी संपली कीं मुलें पांगतात, आणि बागेंत रेडिओ घेऊन येणारे आजोबा आणि त्यांच्या समवयस्क आजीबाई तेवढ्या उरतात.