दाणा आणि दया

परसांत येणाऱ्या पांखरांना दाणा टाकण्याच्या चालीला इंग्लंडांत देशव्यापी रूप आलें तें १८९०-९१ च्या हिवाळ्यांत. त्या वर्षीं थंडी इतकी कडक पडली कीं, पांखरांना अन्नाचा कण मिळेना. त्यांना खावयास घाला, असें वृत्तपत्रांनीं आवाहन केलें. १९१० सालीं 'पंच' या विनोदी साप्ताहिकानें तर हा राष्ट्रीय छंदच ठरविला.

या ममतेची कठोर परीक्षा २००५ सालीं सुरू झाली. ग्रीनफिंच नांवाचीं चिमणीएवढीं हिरवट पांखरें दाण्यापाशींच अंग फुगवून निपचित बसलेलीं आढळूं लागलीं. पुढच्याच वर्षीं सांथ उसळली. पारव्यांत पूर्वींपासून ठाऊक असलेला एक सूक्ष्म जंतु त्यांच्या घशांत शिरला होता. घसा सुजे, घास उतरेना; अन्नापुढें बसून पांखरूं उपाशीं मरे. त्याच्या चोंचींतून गळलेला ओला दाणा दुसरें पांखरूं टिपी आणि रोग पसरे.

ही हानि उमगली तीहि अशाच घरांमुळें. १९९५ पासून हजारों कुटुंबें आपल्या बागेंतील पांखरांची नोंद एका पक्षिसंशोधन संस्थेकडे धाडीत आलीं होतीं. अखेर २०२१ सालीं ग्रीनफिंच तेथील संकटग्रस्त पक्ष्यांच्या लाल यादींत गेला.

उपाय साधाच आहे. दाण्याचें भांडें नेमानें घांसून वाळवावें, पाणी रोज बदलावें, जागा पालटावी, आणि आजारी पांखरूं दिसतांच दाणा कांहीं दिवस बंद ठेवावा. मूठभर दाण्याबरोबर भांडें धुण्याचे श्रमहि दिले, तरच तें दान पुरें होतें.