पळालेला मासा कोणाचा?

नॉर्वेच्या समुद्रात पिंजऱ्यांतली सॅमनपालनाची पद्धत १९७० च्या सुमारास रुजली. सुमारे ४० नद्यांतले मासे गोळा करून, पिढ्यानपिढ्या निवड करून, लवकर वाढणारे वाण तयार करण्यात आले. जाळे फाटले की हे पाळीव मासे बाहेर पडतात. नैसर्गिक सॅमन बहुधा आपल्या जन्मनदीतच परततो. म्हणून नदीगणिक त्याचे आनुवंशिक गुण थोडे वेगळे असतात. पळालेला मासा मात्र परक्या नदीत शिरतो आणि तिथल्या माशांशी त्याचा संकर होतो.

हा मासा पूर्वी खवल्यांवरून ओळखत. झाडाच्या खोडाप्रमाणे खवल्यांवरही वाढीची वलये असतात आणि पाळीव माशात ती वेगळी दिसतात. पण त्यावरून मासा पाळीव आहे एवढेच कळे. त्याचा मालक कोण हे कळत नसे. मासे पळाल्याचे कळवणे कायद्याने बंधनकारक असूनही, न कळवणाऱ्याला शोधणे अवघड होते.

२००६ मध्ये बर्गेनच्या सागरी संशोधन संस्थेतील केव्हिन ग्लोव्हर आणि सहकाऱ्यांनी यासाठी डीएनएची मदत घेतली. डीएनएमध्ये काही ठिकाणी एकच छोटा तुकडा लागोपाठ अनेकदा येतो. तो किती वेळा येतो, हे कुळाकुळात बदलते. एका पिंजऱ्यातले हजारो मासे तुलनेने मोजक्या आईबापांची पिल्ले असतात. म्हणून नदीत सापडलेल्या माशांची आसपासच्या सर्व पिंजऱ्यांतील नमुन्यांशी तुलना केली, की बरेचसे पिंजरे संशयातून सुटतात. मात्र दोघांनी एकाच ठिकाणचे मत्स्यबीज घेतले असेल, तर निवाडा अवघड होतो. म्हणजे हा पुरावा चौकशीला दिशा देतो, चौकशीची जागा घेत नाही.

पुढे २० नद्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माशांचे वय आणि वाढ समजावी म्हणून पूर्वी जपून ठेवलेल्या खवल्यांतून जुना डीएनए मिळाला. त्याची आजच्या माशांशी तुलना केली, तेव्हा काही ठिकाणी पाळीव जनुकांची भेसळ जवळजवळ नव्हती. एका ठिकाणी मात्र ती ४७ टक्क्यांपर्यंत गेली होती.

यातून आपण काय घ्यावे? आज निरुपयोगी वाटणारा नमुना उद्याचा एकमेव साक्षीदार ठरू शकतो. आणि पळालेल्या माशाचा मालक शोधता येतो, दंडही करता येतो. पण नदीच्या वंशात मिसळलेली जनुके कोणत्याही जाळ्याने परत काढता येत नाहीत.