गोठ्यातला निकाल

मी पशुवैद्य नाही. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले आणि शिक्षण, म्हणाल तर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा गुरांच्या रोगाबद्दल बोलण्याचा मला अधिकार कोणता, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर एका जुन्या प्रसंगात आहे. एका कारखान्यात वायूचा वास येतो, डोळे चुरचुरतात, अशी कामगारांनी तक्रार केली. हवेचा नमुना घेणारे लोक अठरा दिवसांनी आले. तोवर गळती बुजवली गेली होती. हवा निर्दोष असल्याचा अहवाल आला. त्यात एक अक्षरही खोटे नव्हते; पण ज्यांच्या छातीत तो वायू गेला, त्यांना त्याचा उपयोग शून्य. तेव्हापासून तपासणी कोठे आणि केव्हा होते, या प्रश्नाकडे माझे लक्ष लागले. त्याचा सर्वांत बोलका इतिहास मला बुळकांडीत सापडला.

बुळकांडी हा विषाणूंचा रोग. आपल्या गोवराच्या विषाणूचा तो जवळचा भाऊबंद. आजारी गुराच्या श्वासातून, नाकाडोळ्यांच्या पाण्यातून तो शेजारच्या गुराला लागे. ताप, डोळ्यांतून धारा, तोंडात चट्टे, मग हगवण आणि थोड्याच दिवसांत मरण. १८८७ च्या सुमारास तो आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला शिरला आणि दहा वर्षांत दक्षिणेच्या केपपर्यंत पोचला. कित्येक प्रदेशांत शंभरातील ऐंशी-नव्वद गुरे मेली. इथिओपियात नांगराला बैल उरले नाहीत. त्या दुष्काळात तेथील सुमारे एक तृतीयांश माणसे गेली असा अंदाज आहे.

आपल्या देशात या रोगाच्या अभ्यासासाठी १८८९ साली प्रयोगशाळा निघाली, ती पुण्यातच. वस्तीत असे जंतू बाळगणे धोक्याचे म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. ते योग्यच झाले. मात्र प्रयोगशाळा डोंगरावर गेली, तरी रोग गावातच राहिला.

पुढे लसी आल्या. १९६० च्या सुमारास केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी तयार केलेली लस स्वस्त आणि खात्रीची होती. भारतात १९५४ सालीच राष्ट्रीय मोहीम सुरू झाली होती. लाखो गुरांना लस टोचली गेली, रोग पुष्कळ हटला, तरी मुळासकट जाईना. एक अडचण ओळखण्याची होती. लाळ्या-खुरकूतातही लाळ गळते, तोंडात फोड येतात. नमुना बर्फात घालून दूर पाठवायचा, तिथे तपासणीला आणखी एक-दोन दिवस लागायचे. आणि बाजार काही निकालासाठी थांबत नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म. लस टोचलेल्या आणि रोगातून उठलेल्या गुराच्या रक्तात सारखीच प्रतिपिंडे सापडतात. म्हणून रोग खरोखर संपला का, हे पाहायचे तर लस बंद करावी लागे. ती बंद केली की पुढची पिढी उघडी पडे. अशा वेळी पहिले आजारी गुरू लगेच ओळखले गेले नाही, तर सारी मेहनत वाया.

१९९० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील पर्ब्राइट येथे यावर एक साधी पट्टी तयार झाली. गुराच्या पापणीआडचे पाणी कापसाच्या बोळ्याने टिपायचे, द्रवात घोळवायचे आणि थेंब पट्टीवर सोडायचे. रंगीत मण्यांना चिकटवलेली प्रतिपिंडे विषाणूला धरतात आणि रेघ उमटते. पट्टी नीट चालली की नाही, हे दुसरी रेघ सांगते. काही मिनिटांत निकाल, तोही गोठ्यात, मालकाच्या डोळ्यांदेखत. पाकिस्तानातील गोठ्यांत तिची प्रत्यक्ष पारख झाली.

भारतातील शेवटची लागण १९९५ ची, पाकिस्तानातील २००० ची, जगातील २००१ ची, केनियातील. २०११ साली बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसरा रोग.

याचे श्रेय मी पट्टीला देत नाही. मुख्य काम लशीने केले, आणि ती टोचायला मैलोगणती पायपीट करणाऱ्यांनी. पट्टी तर फार उशिरा आली. परंतु तिने एक गोष्ट केली : गुराख्याने "माझ्या गाईचे डोळे बघा" म्हटले, तर ते तिथल्या तिथे बघता येऊ लागले. आमच्या कारखान्यातल्या माणसांनीही तेवढेच मागितले होते.